पैलतीरावरचे पंधरा

२२ सप्टेंबर

चौतीस! दुपारी शेवटचा फोटो यादीत बसवला आणि आकडा चौतीसवर थांबला. मॅडमनी फिरत्या खुर्चीत एक गिरकीच घेतली. एवढी शिकलेली बाई, सगळ्या नदीची मोजणी तिच्या सहीनं वर जाते — आणि गिरकी! कप्तान दारातूनच म्हणाला, "आता तरी होडीला रंग द्या." कप्तान म्हणजे आमचा नावाडी. हे नाव मॅडमनी ठेवलं. होडी एकच, तीही वल्ह्याची.

गेल्या वर्षी ठिपक्या मासे भरले होते अठरा. सगळे अलीकडच्या काठाचे, कारण पलीकडे जायला साधनच नव्हतं. यंदा होडी आली. अलीकडे मॅडम धरतात, पलीकडे कप्तान. अलीकडे निघाले एकोणीस आणि पलीकडे पंधरा. पंधराच्या पंधरा नवे! आमच्या यादीतला एकही नाही. मॅडम म्हणाल्या, "पैलतीरावर अख्खं बिऱ्हाड होतं ताई, आणि आपल्याला पत्ता नव्हता."

वीतभर मासा. आता फक्त या नदीच्या या पाच किलोमीटरांत उरलाय. आज मला तो घरचाच वाटला.

२३ सप्टेंबर

काल घाईत लिहिलं. आज निवांत आहे, हे बाहेर गेलेत.

मॅडम पाहुण्यांना माझं काम फार मोठं करून सांगतात. प्रत्यक्षात साधं आहे. मासा धरतात, पाण्यानं भरलेल्या चपट्या पेटीत सोडतात — एका बाजूला काच, मागे काळी पाटी — फोटो काढतात आणि परत नदीत. मासा पाण्याबाहेर राहतो जेमतेम दोन श्वास. ठिपके प्रत्येकाचे वेगळे, आपल्या अंगठ्यासारखे. मी टेबलावर बसून ठिपके जुळवते. जुळले तर जुना, नाही जुळले तर नवा नंबर. बस्स.

फोटो स्टुडिओत एकवीस वर्षं काढली, त्याचा हा फायदा. चेहरा एकदा बघितला की विसरत नाही. सहा नंबरच्या कल्ल्यामागे ओळीत तीन ठिपके, खाली एक तुटका. अकरा नंबर जवळजवळ कोरा, गरीब बिचारा. आणि स्टुडिओची दुसरी खोड म्हणजे टापटीप. काही मासे फोटोत डावीकडे तोंड करून असतात, काही उजवीकडे. मला ते खपत नाही. संगणकावर एक बटण दाबलं की उजवीकडे बघणारा डावीकडे बघायला लागतो, आरशात बघितल्यासारखा. माझ्या यादीत सगळे एका रांगेत, एकाच दिशेला. मुख्य कार्यालयातले साहेब मागे आले होते तेव्हा म्हणाले होते, "काय सुरेख यादी आहे!" मी दोन दिवस हवेत होते.

२७ सप्टेंबर

लेकीचा फोन. तिला आकडा आधीच कळलाय, जावईबापूंच्या ठेकेदाराकडून! वाऱ्यापेक्षा बातमी जोरात.

नियम असा आहे — आकडा तीसच्या वर गेला की मासा "सावरला" असं धरतात आणि पुलाच्या वरच्या अंगाचा गोट्यांचा पट्टा खोदायला मोकळा होतो. जावई खोदाईचं मशीन चालवतो, नदीच्या खालच्या टोकाला, इथून पाच तासांवर. ठेकेदारानं त्याला शब्द दिलाय — पट्टा उघडला की बदली इथं. म्हणजे लेक इथं. म्हणजे नात इथं! चार वर्षांची झाली आणि मी तिला एकूण अकरा वेळा बघितलंय.

मॅडमना मात्र ते उघडणं आवडलेलं नाही. म्हणतात, "ताप उतरला म्हणून औषधाची बाटली फोडायची, तसलं हे." पण नियम तो नियम. चोवीस ऑक्टोबरला सुनावणी आहे. अहवाल त्याआधी दहा तारखेला जायचा.

ह्यांनी मागची खोली रिकामी केली. वायरमन म्हणून जन्म गेला, त्यामुळे त्या एवढ्याशा खोलीत सहा प्लगची जागा आखलीय. म्हटलं, "अहो, नात राहायला येतेय, कारखाना नाही." म्हणाले, "तुला कळत नाही." बरं.

१ ऑक्टोबर

नीट लिहिते.

मॅडम दोन दिवस मुख्य कार्यालयात. जाताना म्हणाल्या, पलीकडचे एकदोन फोटो धूसर आहेत, पुन्हा घेतलेले बरे. पण कप्तानचं बोट होडीच्या कडीत सापडलेलं, पट्टी बांधलेली. पेटी कोण धरणार? मी म्हटलं, मी येते. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

तीन वर्षांत मी पहिल्यांदा पैलतीरावर गेले. पाणी गुडघ्यापर्यंत, गार. कप्ताननं एक दगड उचलून दाखवला. खालची बाजू चिखलानं लिंपलेली. म्हणाला, "ही फट बघा ताई. यांना अंडी घालायला गोट्याखाली फट लागते. मागे खोदाई झाली ना, तेव्हाचा गाळ अजून बसतोय. फट बुजली की संपलं. आणि वरून धरणवाले पाणी सोडतात, मग एकदम बंद करतात. काठची अंडी उघडी पडतात, वाळतात." अहवालात हे सगळं मी स्वतः टाइप केलंय. पण तो लिंपलेला दगड हातात घेतला तेव्हा कळलं आपण काय टाइप केलं होतं.

मग त्यानं जाळीतून एक मासा काढला. डाव्या हातानं. पट्टी त्याच हाताला, तरी डाव्यानंच. कप्तान डावखुरा आहे! इतके महिने एका छपराखाली चहा पितोय आणि माझ्या लक्षात नाही. बोटामुळे त्याला मासा पेटीत सोडता येईना, म्हणून मी घेतला, माझ्या उजव्या हातानं सोडला. मासा तोंड डावीकडे करून थांबला. ओळीत तीन ठिपके, खाली एक तुटका.

सहा नंबर. अलीकडच्या काठाचा सहा नंबर.

मी म्हटलं, "हा इकडे कसा?" कप्तान म्हणाला, "पोहत आला असेल, बसनं नाही आला." माझं डोकं कुठे होतं कोण जाणे, मासा पेटीत वळला, दुसरं अंग काचेकडे झालं. तेही ओळखीचं निघालं! सत्तावीस नंबर. पलीकडच्या पंधरांतला.

एकच मासा. डाव्या अंगानं सहा, उजव्या अंगानं सत्तावीस.

२ ऑक्टोबर

डोकं दुखतं म्हणून सांगितलं. गेले नाही.

३ ऑक्टोबर

मूळ फोटो काढून बसले. मूळ फोटो कधी टाकायचा नाही ही स्टुडिओची शिकवण, ती एक बरी. पलीकडचे सगळे, पंधराच्या पंधरा, मुळात उजवीकडे तोंड करून आहेत. कप्तान डाव्या हातानं सोडतो, मासा उजवीकडे तोंड करतो, काचेसमोर उजवं अंग येतं. मॅडम उजव्या हातानं सोडतात, डावं अंग येतं. माशाच्या दोन अंगांवरचे ठिपके एकसारखे नसतात. फोटो होते तसे राहिले असते तर मीच काय, कोणीही म्हटलं असतं — अरे, ही तर दुसरी बाजू! पण मी बटण दाबलं. सगळ्यांना एका दिशेला वळवलं. उजवी अंगं डाव्यांच्या रांगेत नेऊन बसवली आणि मग बोंबलत बसले, नवे, नवे!

पैलतीर म्हणून कोणाला शंका आली नाही. वेगळा काठ, वेगळे मासे. नदीला दोन काठ असतात ते आपल्यासाठी. माशाला एकच पाणी.

माझ्या टापटिपीनं घात केला. लाज वाटते. लिहितानासुद्धा कान गरम झालेत.

५ ऑक्टोबर

कोणालाच सांगितलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ह्यांनी खोलीला रंग द्यायला घेतला. फिकट पिवळा. मला विचारलं, "बरा आहे ना?" मी बरा म्हटलं.

कप्तानला काही कळलं नाही. त्यानं त्या दिवशी फक्त सहा नंबर बघितला, आणि त्याला नंबर पाठ नाहीत. म्हणजे हे माहीत असलेली जगात मी एकटी. आणि तो मासा.

६ ऑक्टोबर

आज स्वतःशी वकिली केली. कदाचित सहा आणि सत्तावीस एवढीच चूक असेल? बाकीचे चौदा खरेच नवे असतील? मग तेहतीस होतात, तीसच्या वरच! शिवाय पट्टा लगेच थोडाच खोदतील, कागदपत्रं असतात, वर्ष जातं. शिवाय मी कोण? टेबलावरची बाई. सही माझी नाही.

सगळी वकिली चहाचा कप विसळून होईपर्यंत टिकली. पाचदा तपासलं. आणखी तीन जोड्यांवर संशय आहे — शेपटीची चीर सारखी, लांबी सारखी. मला माहीत आहे ते काय आहेत.

लेकीनं नातीचा फोटो पाठवला. खेळणी खोक्यात भरतेय. खोक्यावर तिनंच काहीतरी गिरगटलंय आणि खाली लेकीनं लिहिलंय, "हे आजीच्या खोलीत उघडायचं."

रडले. साधं सरळ रडले, बाथरूममध्ये नळ सोडून, ह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

७ ऑक्टोबर

ह्यांना सगळं सांगितलं. ब्रश हातात घेऊन ऐकत होते, रंग फरशीवर ठिपकत होता. शेवटी म्हणाले, "मी एकदा एका घरात उलटं वायरिंग केलं होतं. दोन वर्षं दिवे नीट लागले. कोणाला काही कळलं नाही."

"मग?"

"मग काय. गेलो आणि बदलून दिलं. ते चालू होतं म्हणून बरोबर नव्हतं."

एवढंच बोलून पुन्हा रंग द्यायला लागले. मी म्हटलं, अहो, आता कशाला रंगवता? तर म्हणाले, "अर्धी भिंत सोडू का?"

८ ऑक्टोबर

सांगितलं.

सकाळी मॅडम अहवालावर सही करायलाच बसल्या होत्या. मी दोन्ही फोटो ठेवले, मूळचे, न वळवलेले. म्हटलं, "मॅडम, हा एकच मासा आहे." त्यांनी पेनाला टोपण लावलं. मग काढलं. मग पुन्हा लावलं. मी सगळं भडाभडा बोलून टाकलं — बटण, स्टुडिओ, कप्तानचा हात, आठवडाभर गप्प बसले तेही. जावयाचं आणि खोलीचंही सांगितलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता.

वाटलं होतं ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी दोन्ही फोटो जवळ ओढले. मग म्हणाल्या, "मी रोज ही यादी बघते ताई. मला आकडा आवडला, म्हणून मी मागे जाऊन बघितलं नाही." आणि लगेच, "मूळ फोटो सगळे आहेत ना?"

सगळे आहेत.

"मग उठा. पुन्हा धरायचे. दोन्ही अंगं. अहवाल उशिरा जाईल, मी कळवते."

कप्तानला सांगितलं तर तो हाताकडे बघत म्हणाला, "लहानपणी डाव्या हातानं जेवलो की आई मारायची. आता मासेही नावं ठेवतात!" मॅडम हसल्या. मलाही हसू आलं.

११ ऑक्टोबर

तीन दिवस पाण्यात. पाच मासे. पाचही जोडीचे.

१५ ऑक्टोबर

पाय सुजलेत. आज वरून पाणी सोडलं, तासाभरात दोन हात चढलं, पळापळ झाली. जाळं वाहून गेलं. कप्ताननं धरणवाल्यांना ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत. मॅडमनी अर्ध्या वहीत टिपून घेतल्या, वेळेसकट — शिव्या नाही, पाणी.

गंमत म्हणजे मला पाण्यात जायला आवडायला लागलंय. मासा हातात येतो तेव्हा थंड, घट्ट असतो, आणि क्षणभर थांबतो. तीन वर्षं मी त्यांची तोंडं वळवत बसले आणि एकालाही हात लावला नव्हता.

१९ ऑक्टोबर

संपलं. पलीकडच्या पंधरांपैकी तेरा अलीकडचेच निघाले. एक खरोखरचा नवा — एकतीस नंबर, धट्टाकट्टा, शेपूट मारून पाणी उडवलंन् माझ्या तोंडावर. एक हाती लागलाच नाही. म्हणजे वीस. फार तर एकवीस.

तेरा मासे मी निर्माण केले होते. देवाला जे जमेना ते मी एका बटणावर केलं!

यादी पुन्हा लावली. प्रत्येकाचे दोन फोटो, डावं अंग, उजवं अंग, जसं असेल तसं. ओळी वाकड्यातिकड्या दिसतात. दिसू देत.

२४ ऑक्टोबर

सुनावणी. मोठी खोली, लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. ठेकेदार समोरच बसलेला. मॅडम उभ्या राहिल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "आधी आमची चूक सांगते." पडद्यावर सहा आणि सत्तावीस शेजारी शेजारी दाखवले. "आमची" म्हणाल्या. एकदाही माझ्याकडे बोट केलं नाही, कप्तानकडे नाही. एक गृहस्थ खवचटपणे म्हणाले, "उद्या म्हणाल, दहाच आहेत." मॅडम म्हणाल्या, "दहा असतील तर दहा म्हणू."

खोदाईवरची बंदी दहा वर्षं वाढली. धरणवाल्यांना पाणी टप्प्याटप्प्यानं सोडायला सांगितलंय — ते मॅडमच्या टिपणामुळे.

दहा वर्षं. नात चौदाची होईल.

२५ ऑक्टोबर

लेकीला मीच फोन केला. दुसऱ्याकडून कळायला नको होतं. ठेकेदार जावयाला सांगणार "तुझ्या सासूनंच घोळ घातला", त्यापेक्षा आपल्या तोंडानं.

ऐकून घेतलं तिनं. मग म्हणाली, "गप्प बसली असतीस तर कोणाला कळणार होतं, आई?" मी म्हटलं, मला कळलं होतं. "तुला मासे जास्त जवळचे," म्हणाली आणि फोन ठेवला. पुन्हा केला, उचलला नाही. मागून जावयाचा आवाज येत होता, कोणाला तरी "राहू दे, राहू दे" म्हणत होता. तिला म्हणत होता की नातीला, कळलं नाही.

आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाला सांगू.

४ नोव्हेंबर

फोन नाही.

मागच्या खोलीत उन्हं छान येतात. पिवळा रंग खुलून दिसतो. ह्यांनी तिथं खुर्ची टाकून पेपर वाचायला सुरुवात केलीय. म्हणतात, "प्लग वाया जायला नकोत," आणि रेडिओ लावतात.

१८ नोव्हेंबर

थंडी पडली. आता धरायचं बंद, अंड्यांचे दिवस. माझं काम पुन्हा टेबलावर. कप्तान होडी उलटी घालून रंगवतोय — शेवटी रंग आला. मॅडमनी विचारलं, "पुढच्या हंगामात पाण्यात याल ना ताई?" मी म्हटलं, गुडघ्यांना विचारून सांगते. पण येणार आहे.

लेकीचा एक ओळीचा निरोप आला : "सगळे बरे आहोत." तीनदा वाचला. रागावलेल्या माणसानं एवढं लिहिलं, पुष्कळ झालं.

९ डिसेंबर

सकाळी सातला फोन वाजला. लेक नव्हती. जावई. नदीच्या खालच्या टोकाहून, जिथे हा मासा गेल्या तीस वर्षांत कोणी बघितलेला नाही.

"आई, मशीन बंद केलंय. दगड उचलला तर खाली अंडी आहेत, आणि त्यांच्यावर तुमचा ठिपक्या बसलाय. केव्हाचा बघतोय. कोणाला फोन करायचा असतो?"

अंडी घालून मादी जाते. बसतो तो बाप. मी त्याला तेवढं सांगितलं, आणि मॅडमचा नंबर द्यायच्या आधी म्हटलं, "जावईबापू, नीट ऐका. कळवलंत तर तिथलंही काम बंद होईल."



"माहीत आहे, आई," तो म्हणाला. "पण एवढं मशीन डोक्यावर आलं तरी हा हलला नाही हो. नंबर सांगा."